भिंतीबाहेरची जागा

सानपाड्याच्या घरात जेवणं उरकली, दिवे गेले, आणि धाकट्या पार्थनं हौसेरावकाकांच्या मागे भुताच्या गोष्टीचा लकडा लावला. निशिगंधाला या घरात येऊन दोनच महिने झाले होते. नव्या सुनेनं ऐकायचं असतं. तेवढं तिला चांगलं जमत होतं.

“गोष्ट नाही, घडलेलं आहे,” काका म्हणाले. “दोन नोव्हेंबर, दोन हजार बावीस. बुधवार. तळोज्याला आमच्या कंपनीत इनास होता, खाडीकाठचा ख्रिश्चन. त्या दिवशी ते लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. इनासची सेकंड शिफ्ट. सुटून दफनभूमीत पोचायला पावणेबारा झाले. त्याच्या घराण्यातल्या एकाच थडग्याला कोणी मेणबत्ती लावत नाही. ते भिंतीबाहेर आहे. पास्कूचं.”

“का?”

“त्यांच्या घरात सांगतात, इंग्रजी अमलात पास्कू गावचा पाटील होता. गाव रोमच्या पोपला मानणारं, इंग्रजांचा राजा पोपला न मानणारा. साहेब म्हणाला, पाटीलकी हवी तर बायबलवर हात ठेव आणि बोल, पोप कोणी नाही, राजाच सगळं. पास्कू बोलला. पाटीलकी राहिली. मेल्यावर गावानं आत पुरू दिलं नाही.”

“नोकरीसाठी करतात लोक,” पार्थ म्हणाला.

“हं. करतात,” काका म्हणाले. “इनासच्या खिशातही त्या रात्री एक कागद होता. आठवड्यापूर्वी आमच्यातला अभय केमिकलची टाकी साफ करायला उतरला, गॅसनं आतच गेला. कागदावर लिहिलेलं, मास्क त्यानं स्वतः काढला. मास्क आम्हाला कधी दिलेच नव्हते. कंपनीचा साहेब म्हणालेला, सकाळी सही कर, नाहीतर घरी बस.”

काकांचा आवाज खाली गेला.

इनासनं मेणबत्त्या लावल्या. फाटकाबाहेर आला. पास्कूच्या थडग्याशी कोणीतरी बसलेलं.

“तुमची मेणबत्ती कोणी लावत नाही,” इनासच्या तोंडून निघून गेलं.

“ठावं हाय.”

वारा नाही. कुत्रं नाही.

“कागद हाय ना खिशात?”

इनासचा हात खिशावर गेला.

“मी पन हात ठेवलेला...” तो शेजारची माती तळव्यानं सारखी करत होता. हळूहळू. “जागा हाय हितं.”

इनास पळाला.

“मग सही नाही ना केली त्यानं?” पार्थनं विचारलं.

“केली. सव्वानऊला. पेन चालेना, तर साहेबानं आपलं दिलं. हिरव्या शाईचं.”

निशिगंधा पहिल्यांदाच बोलली. “काका, तुम्ही साहेबाच्या केबिनमध्ये होतात?”

काळोखात खुर्ची करकरली.

“साक्षीदार लागतो ना, सूनबाई.”

...

“पुढच्या वर्षी तीन नोव्हेंबरला, पहाटे, इनास मला तिथं घेऊन गेला. पास्कूच्या थडग्यावर काही नव्हतं. शेजारच्या मोकळ्या मातीवर मेण सांडलेलं. कोमट होतं अजून.”

“त्यानंच लावली असेल मेणबत्ती,” पार्थ म्हणाला.

“असेल.”

काका खुर्चीतून उठले.

“पण मेण दोन जागांवर होतं. शेजारी शेजारी.”