कापलेली खिडकी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मीही हसले असते. पण हे माझ्या घरात, माझ्या समोर घडलंय. मागच्या वर्षी, मार्चमधला दुसरा रविवार.

भुतं म्हणे रात्री येतात. हे भर दुपारी सव्वादोनला घडलं.

माझे बाबा वर्तमानपत्राचे फोटोग्राफर. आता ऐंशीचे आहेत. पाय गेलेत, जीभ मात्र शाबूत. त्यांच्या एका फोटोला मोठं बक्षीस मिळालं होतं. कपड्यांच्या कारखान्याला लागलेली आग. एक कामगार दुसऱ्याला पाठीवर घेऊन शिडीवरून उतरतोय. त्या फोटोवरून इतका गदारोळ झाला, की कारखान्यांच्या दारांना बाहेरून कुलूप घालणं बंद झालं. 'त्या काळाचा पुरावा' म्हणतात त्याला.

पण तो फोटो कापलेला होता.

बातमीचा फोटो छापण्याआधी त्यावर लाल पेन्सिलीने चौकट आखायचे. चौकटीबाहेरचं जायचं. बाबांनी डावी बाजू घालवली होती.

मागच्या वर्षी बाबांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा प्रदर्शनवाल्यांना अख्खा फोटो हवा होता.

"आहे तोच टांगा," बाबा म्हणाले. "नाहीतर मलाच टांगा भिंतीवर!"

हट्टाच्या बाबतीत मी त्यांच्यावरच गेलेय. ते जेवून पडले, तशी मी कपाटातून निगेटिव्ह काढली. भिंगातून पाहिलं. डावीकडे दुसऱ्या मजल्याची खिडकी. गज धरून उभी असलेली एक मुलगी. सतरा-अठराची असेल. तोंड उघडं, नजर थेट कॅमेऱ्यावर.



मागच्या खोलीत आमची जुनी डार्करूम आहे. आतून कडी घातली. लाल दिवा लावला. कागद ट्रेमध्ये सोडला. रसायनात हळूहळू शिडी उमटली. धूर उमटला. खिडकी उमटली...

खिडकीत कुणीच नव्हतं.

कागद जुना असेल म्हणून दुसरा घेतला. खिडकी रिकामी. तिसरा घेतला. रिकामी. निगेटिव्ह परत भिंगाखाली धरली...

मुलगी तिथेच होती.

तेवढ्यात दाराबाहेर खुर्ची सरकली.

"झाला का गं, बाळ? अख्खा?"

म्हाताऱ्या बाईचा आवाज. बाबांकडे कुणी ना कुणी येतच असतं. मी वैतागून ओरडले, "दार उघडू नका हं, काकू! उजेड आला की सगळी मेहनत पाण्यात!"

"नाही उघडत. बसते मी. सवय आहे मला."

पाच मिनिटांनी बाहेर आले. खुर्ची दाराशी होती. खुर्चीत कुणी नव्हतं. पुढचं दार आतून बंद.

"बाबा, कोण काकू आल्या होत्या?"

"कुठल्या काकू? कुणी नाही आलं." मग त्यांनी माझ्या हातातले ओले कागद पाहिले. चेहरा पडला. "काय म्हणाली ती?"

"अख्खा झाला का, विचारत होत्या."

बाबा रडायला लागले. माझ्या लग्नातही न रडलेला माणूस.

"त्या पोरीची आई. छापलेल्या फोटोत कडेला गजावरचा हात तेवढा राहिला होता. हातावरून ओळखलं तिने. एकवीस वर्षं ऑफिसात येत होती. 'अख्खा दाखवा, पोरीचं तोंड बघू द्या शेवटचं.' आणि मी म्हणायचो, एवढाच आहे."

"का पण? दाखवला असतात तर काय बिघडलं असतं?"

"पोरगी मला ओरडून सांगत होती गं. 'साहेब, माझ्या आईला इथे येऊ देऊ नका. तिला हे बघू देऊ नका.' बाकी काही मागितलं नाही तिने. शिडी तिच्यापर्यंत पोचलीच नाही. म्हणून कापला."

"मग आईला निदान तो निरोप तरी द्यायचात!"

"दिला असता, तर तिने पुढचं विचारलं असतं. 'तेव्हा तुम्ही काय करत होतात?'"



"कुठे असतात त्या आता?" मी हळूच विचारलं.

"जाऊन नऊ वर्षं झाली."

शहाणी असते तर तिथेच थांबले असते. पण जीव राहीना. इतकी वर्षं ताटकळलेली बाई, कुणीतरी तिला सांगायला नको? परत आत गेले. कडी घातली. चौथा कागद ट्रेमध्ये सोडला...

खुर्ची सरकली.

"झाला का गं, बाळ?"

दाराला तोंड लावून सगळं सांगितलं. मुलीचा निरोप, शब्द न् शब्द. बाबांच्या वतीने माफी मागितली.

बाहेर खुर्ची करकरली.

"म्हणजे शेवटी मलाच आठवत होती," आवाज आला.

"हो, काकू."

"एकटीच होती का गं आत?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. मला सुचलंच नाही. मी म्हणाले, "हो."

पावलं वाजली. बाहेरच्या दाराकडे जाणारी नव्हती... माझ्या शेजारून, ट्रेच्या दिशेने. कडी होती तशीच होती.

मी कागदाकडे पाहिलं. खिडकीत मुलगी उमटत होती. पण पाठमोरी. आतून कुणी हाक मारल्यावर वळून बघावं, तशी.

प्रदर्शनात जुनाच फोटो लावला. खुर्ची त्यानंतर सरकली नाही. ज्यांना ज्यांना सांगितलं ते म्हणतात, बरं झालं, मायलेकींची भेट झाली. झालीही असेल.

पण कुठे झाली? त्या जळत्या खोलीत! पोरीने जीव जाताना एकच मागितलं होतं, आईला इथे येऊ देऊ नका. बाबांनी तीस वर्षं ते पाळलं. भीतीने का होईना, पाळलं.

आणि मी एका दुपारी तिच्या आईला आत जाऊ दिलं.