टाकळ्याचा भेदांक

वरचीवाडीत खालून आलेल्या माणसाशी पहिले दोन दिवस कुणी बोलत नसे. रागानं नव्हे, दयेनं. हिमालयातल्या त्या कोरड्या पठारावर हवा इतकी विरळ, की नव्या माणसानं 'मी बरा आहे' एवढं म्हटलं तरी त्याला धाप लागायची. म्हणून त्याला चुलीपाशी बसवायचं, तांबड्या काटेरी बोरांचं आंबट सार वाटी-वाटीनं पाजायचं आणि उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही. त्या साराला सगळे कोकमाचं सार म्हणत. खरं कोकम मात्र वाडीतल्या एकाही माणसानं पाहिलेलं नव्हतं.

डॉ. हेमांगी पोंक्षे दोन दिवस अशी मुकाट्यानं सार पीत बसली. ती पुण्याच्या एका वनस्पतिसंग्रहालयात काम करायची आणि गप्प बसणं हा काही तिचा पिंड नव्हता. पण तोंड बंद झाल्यावर नजर मोकळी झाली. ही ठेंगणी, रुंद छातीची माणसं भरल्या कळशा घेऊन चढावरून गाणी म्हणत जात होती. त्यांचे ओठ आणि नखं पिकल्या जांभळासारखी दिसत. शंभरेक वर्षांपूर्वी समुद्र चढला, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरची मासेमारीची गावं बुडाली, आणि त्यातलं एक गाव उचलून इथं वसवलं गेलं. श्वास घेता यावा म्हणून त्या पहिल्या माणसांना एक लस टोचली होती. ती रक्ताची मूळ घडणच बदलायची, आणि तो बदल मुलाबाळांत उतरायचा. बाकी त्यांनी काही बदलू दिलं नाही. भाषा मालवणी ठेवली, आडनाव तांडेल ठेवलं, आणि वर जे जे दिसलं त्याला कोकणातलं नाव देऊन टाकलं.

टाकळा त्यातलाच. कोकणात टाकळा ही पावसाळ्याच्या तोंडाला उगवणारी रानभाजी. इथं बर्फ वितळल्यावर जी पहिली हिरवाई दिसली तिलाच त्यांनी टाकळा म्हटलं. खरं तर ते होतं डँडेलियन, म्हणजे कुठल्याही थंड कुरणात उगवणारं, पिवळ्या फुलाचं, फुंकर मारली की पांढऱ्या छत्र्या उडवणारं साधं तण. पहिल्या वसाहतीच्या गाढवांच्या चाऱ्यातून ते वर आलं असणार. पण खाली ज्याची पानं हातभर लांब होतात, ते रोप इथं बशीत मावेल एवढं होऊन बसलं होतं. ते पाहायलाच हेमांगी आली होती, आणि सगळ्या वाडीचा जीव त्या बशीएवढ्या रोपात अडकला होता.

कारण पठारावर हिमधरण होणार होतं. हिवाळाभर पाणी फवारून इथं डोंगराएवढा बर्फ साठवायचा आणि उन्हाळ्यात तो वितळवून खालच्या तहानलेल्या शहरांना द्यायचा, अशी ती योजना. वाडी त्या बर्फाखाली जाणार होती. वाडीचा म्होरक्या रुक्माजी तांडेल हे सांगताना हसायचा, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचत नसे.

"पणज्याक पाण्यान उठयल्यान," तो म्हणायचा, "आता आमका बर्फ उठयता."

वाचायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे संरक्षित प्रजाती कायदा. जी सजीव प्रजाती जगात फक्त एकाच ठिकाणी सापडते तिला हा कायदा लागू व्हायचा. त्याची तीन कलमं रुक्माजीच्या मुलीला, सागरिकेला, तोंडपाठ होती. प्रजातीचं वसतिस्थान मोडायचं नाही. प्रजातीला त्या स्थानाबाहेर न्यायचं नाही. शेजारच्या प्रजातीशी तिचा संकर होऊ द्यायचा नाही. तिसरं कलम म्हणून झालं की ती खाली वाकून रोपाला चिडवायची, "तुका भायरचो घोव गावचो नाय." तिचा स्वतःचा होणारा घोव बाहेरचाच होता. पवनचक्क्या दुरुस्त करायला आलेला नाशिकचा निशांत. सातूची कापणी झाली की लग्न करून ती खाली जाणार होती, आणि पहिल्यांदा कुठे जाणार असं कुणी विचारलं, तर समुद्र बघायला, असं सांगायची.

टाकळा नवी प्रजाती ठरला तर वाडी वाचणार, या आशेवर दोन उन्हाळे वाडीनं टाकळ्याची भाजी तोंडाला लावली नव्हती. एवढी आवडती भाजी, पण लहान मुलांनीसुद्धा हट्ट केला नाही.

तिसऱ्या दिवशी हेमांगीला बोलायची मुभा मिळाली आणि ती कामाला लागली. झाडाचं वर्णन करणं म्हणजे त्याची ओळखपरेड घेण्यासारखं असतं. ती पाहत गेली आणि लिहीत गेली: रोप लहानखुरं, बहुवर्षायू. पानं जमिनीला चिकटून गोलाकार पसरलेली, कडा दातेरी, दात मागं वळलेले. दांडा पोकळ, तोडल्यावर पांढरा चीक. फुलोरा एकच, पिवळा, बाहेरच्या पाकळ्यांच्या पाठीवर करडा पट्टा. फुलाखालच्या हिरव्या छदांच्या, म्हणजे इवल्या पानांच्या, टोकाला शिंगं नाहीत. शिंगं नसणं महत्त्वाचं होतं. डँडेलियनच्या जगात शिंगांवरून घराणी फुटतात.

वाकलं की तिला चक्कर यायची, म्हणून रोपं उपटायचं काम सागरिकेनं केलं, उघड्या हातांनी, अलगद. रुक्माजी शेजारी उकिडवा बसला होता. या रोपाचं पुढे काय करणार, असं त्यानं विचारलं. हेमांगीनं सांगितलं, की नव्या प्रजातीचं एक रोप दाबून, वाळवून संग्रहालयातल्या कपाटात कायमचं ठेवावं लागतं. त्याला प्रारूप म्हणतात. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली, तर त्या एका रोपाशी ताडून बघायचं. बाकी सगळी इथंच राहतात. तेवढं एक बाहेर नेण्याची सूट कायदा देतो.

"म्हंजे ह्यो एकटोच पुण्याक जातलो," रुक्माजी म्हणाला. "नशीबवान टाकळो."

संध्याकाळी हेमांगीनं भेदमापक मांडला. पूर्वी प्रजाती कशाला म्हणायचं यावर वनस्पतिशास्त्रज्ञ एकमेकांचं तोंड बघत नसत. कुणी बियांच्या रंगछटेवरून नवी प्रजाती काढायचा, कुणी ती मोडीत काढायचा. कायद्याला असली भांडणं परवडत नाहीत, त्याला आकडा लागतो. म्हणून हे यंत्र आलं. एखादा सजीव त्याच्या सर्वांत जवळच्या नातलगापेक्षा वंशगुणांत किती वेगळा आहे, आणि ते वेगळेपण पुढच्या पिढीत किती टिकतं, हे मोजून ते एक आकडा द्यायचं. तोच भेदांक. शंभराच्या आत असेल तर नुसता प्रकार, शंभराच्या वर गेला की स्वतंत्र प्रजाती. आकड्याला तज्ज्ञानं लिहिलेलं वर्णन जोडलं की नोंद पक्की. वर्णन नसेल तर आकडा तसाच विरून जातो.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागे. जो रोप उपटतो त्याच्या कातडीचे कण रोपाला चिकटतात आणि माप बिघडतं. म्हणून त्याच्या तळहातावरून फिरवलेला कापसाचा बोळाही यंत्रात घालायचा, म्हणजे यंत्र तेवढा माणूस वजा करतं. शास्त्रज्ञ त्याला हातवजा म्हणत. यंत्र भोळं, त्याला जे दिलं ते सगळं ते मोजतं, त्यामुळे उत्तराच्या खाली दुसरी ओळ हातवजाची, म्हणजे त्या हाताच्या भेदांकाची, येते. हेमांगीच्या सगळ्या नोकरीत त्या ओळीत तिच्याच हाताचं शून्य आलं होतं. ती ओळ वाचायची असते हेच ती विसरली होती.

पहिल्या ओळीत आकडा आला चार.

तिला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. ती यंत्र बंद करणार, एवढ्यात तिची नजर खाली गेली. दुसऱ्या ओळीत एकशे बारा होते.

तिनं बोळा बदलून पुन्हा मोजलं. मग स्वतःचा हात घालून पाहिला, तर शून्य. सागरिकेला काही न सांगता तिचा तळहात पुन्हा पुसून घेतला, तर एकशे बारा. मग मात्र हेमांगी चुलीपाशी जाऊन बसली आणि कुणी न देताच तिनं सार ओतून घेतलं.

सकाळी तिनं बाप-लेकीला समोर बसवलं. आधी टाकळ्याचं सांगितलं. डँडेलियनच्या बीला परागांची गरजच लागत नाही. फूल बापाशिवायच बी धरतं. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे पुन्हा तीच आई, जशीच्या तशी. शंभर वर्षांत इथं आईच्या पोटी आईच जन्मत आली. रोप लहान राहिलं ते थंडीनं आणि वाऱ्यानं. तिच्या पुण्याच्या घरच्या कुंडीत लावलं तर दुसऱ्याच वर्षी हातभर पानं काढील.

उपटलेल्या रोपांतलं एक रुक्माजीनं उचललं. "म्हंजे शंभर वर्सां हय ऱ्हवलो," तो म्हणाला, "आणि जरापण बदलूक नाय."

"नाही," हेमांगी म्हणाली. "तो नाही बदलला. तुम्ही बदललात."

मग तिनं दुसरी ओळ समजावली. लशीनं रक्त बदललं, वाडीनं पिढ्यान् पिढ्या आपापसांत लग्नं केली, थंडीनं आणि विरळ हवेनं उरलेलं काम केलं. यंत्राच्या मते वरचीवाडीची माणसं खालच्या माणसांच्या प्रजातीतली राहिली नव्हती. कायद्यात फक्त 'सजीव' असा शब्द होता. माणूस वगळावा असं तो लिहिणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. तिनं वर्णन जोडलं तर धरण थांबेल. नाही जोडलं तर आकडा विरून जाईल आणि हिवाळ्यात फवारे सुरू होतील.

कलमं कुणीच म्हणून दाखवली नाहीत. सागरिकेचे ओठ मात्र हलत होते. तिसऱ्यापाशी येऊन ते थांबले.

"आणि प्रारूप कोण, मावशी?" तिनं विचारलं. "हात माझो होतो मा?"

हेमांगीला होय म्हणावं लागलं. ज्या नमुन्यावर आकडा निघाला तोच प्रारूप. सागरिका उठून बाहेर गेली. रुक्माजीनं आपला जांभळ्या नखांचा हात पुढे केला आणि त्यावर बोळा फिरवायला सांगितलं. एकशे तेरा. मुलीपेक्षा एकानं जास्तच, म्हणून त्याला त्या परिस्थितीतही थोडं बरं वाटलं.

वाडी देवळापुढच्या अंगणात जमली. आपण तसेही कुठे जातो, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. सरकारला घाबरणारे निघाले, आणि आपण माणसं नाही असं कागदावर लिहून द्यायचं का, असं विचारणारी एक म्हातारीही निघाली. हेमांगीनं सांगितलं, की माणसंच आहात, पण वेगळी. ते शब्द तिला स्वतःलाच पोकळ वाटले. तान्हं मूल घेतलेल्या एका बाईनं फक्त एवढंच विचारलं, की ह्याचं काय, ह्याला मोठेपणी खाली जावंसं वाटलं तर? शेवटी ठरलं, की वर्णन जोडायचं. ज्यांना जायचंय त्यांनी नोंद होण्याआधी जावं. नोंदीच्या घटकेला जे पठाराबाहेर नेणाऱ्या खिंडीपलीकडे असतील ते या प्रजातीत मोजले जाणार नाहीत. मात्र त्यांना परत येता येणार नाही, कारण आत उरलेल्यांत बाहेरचं रक्त मिसळू देणं हा गुन्हा ठरेल.

निघायच्या दिवशी वाडीनं टाकळ्याची भाजी केली. आता ती खायला कुणाची हरकत नव्हती. भाजी कडवट होती आणि सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतली. सागरिकेनं उरलेली डब्यात भरली. बापाच्या पाया पडताना ती रडली नाही, पण निशांतनं गाडी सुरू केल्यावर तिनं मागच्या काचेला हात टेकला, तो गाडी खिंडीच्या वळणाआड जाईपर्यंत तसाच होता. हेमांगीला तिथं थांबवेना. आपण एका झाडाची ओळख पटवायला आलो होतो, असं तिला राहून राहून वाटत होतं.

गाडी पलीकडे पोचल्याचा निरोप दुपारी आला. मग रुक्माजी येऊन तिच्यासमोर ताठ बसला, फोटो काढायला बसतात तसा. हेमांगी लिहू लागली. सवयीनं तेच शब्द येत होते: बांधा ठेंगणा. छाती रुंद. ओठ व नखं गडद जांभळी. वसतिस्थान, हे एकच पठार. स्वभाव असा रकाना झाडांच्या वर्णनात नसतो, म्हणून तो तिला भरता आला नाही. प्रारूपाच्या रकान्यात तिनं रुक्माजी तांडेल असं लिहिलं, आणि पुढे ठेवण्याचं ठिकाण लिहायचं होतं तिथं तिचा हात अडला.

"लिवा," रुक्माजी म्हणाला. "मेल्यार न्हेवा. आदी नको." मग जरा वेळानं, संकोचत, त्यानं विचारलं, "कपाट पुण्याक मा? थयसून समुद्र लांब आसा काय?"

समुद्र आता सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन ठेपला होता.

"पूर्वीइतका लांब नाही," हेमांगी म्हणाली, आणि तिनं रकान्यात पुणे लिहिलं.