गाठ मारलेलं पान

किलीमांजारोच्या उतारावर सपाट जागा मिळणं म्हणजे नशीबच. एलियामानीचं नशीब तेवढं नव्हतं. म्हणून जुन्या घराला जोडून त्याची काचेची नवी खोली उतारावरच, चार खांबांवर उभी राहायची होती. नकाशा तरुण वास्तुरचनाकार आइकांदेचा, तिचा पहिलावहिला. आणि आज सकाळी ती धापा टाकत गुप्तहेर न्देरिंगोच्या दारात आली.

"खांबाची जागा दाखवणारी एक खुंटी कोणीतरी हलवलीय. एलियामानी म्हणतात, माझंच माप चुकलं. दुपारी काँक्रीट पडायच्या आत खरं काय ते कळलं नाही, तर माझं काम गेलं."

"चला," न्देरिंगो उठलाच. त्याचा मित्र कुंदाएली अर्धा चहा टाकून कुरकुरत निघाला.

केळीच्या बागेत तीन खुंट्या जागच्या जागी होत्या. खालची चौथी हातभर सरकली होती आणि तिला इसालेच्या झुडपाचं लांब पान गाठ मारून बांधलं होतं. जुनं भोक मातीने नीट बुजवलेलं. त्यावर मुंग्या आणि केळीच्या दारूचा आंबूस वास.

"शेजाऱ्याचं काम," कुंदाएलीने छाती फुगवली. "हद्दीला इसालेच लावतात ना आपण?"

मुकादम ल्यातू वैतागला. "माझ्याकडे काय बघताय? रांग वाकडी झाली तर निस्तरायचं मलाच."

"बाईंनीच चूक झाकायला पान बांधलंय," एलियामानी म्हणाला. "मी घरातला थोरला. आईला बसून डोंगर बघता यावा म्हणून ही खोली, आणि तीच वाकडी?"

तेवढ्यात त्याची आई, मांका आजी, भोपळ्याच्या तुंब्यातून केळीची दारू घेऊन आली. "घ्या रे लेकरांनो." पहिला घोट तिने रिवाजाप्रमाणे गेलेल्यांसाठी जमिनीवर ओतला. पण बागेतल्या घरच्या थडग्यांकडे तिची पाठ होती, तोंड उतारावरच्या त्या बुजवलेल्या भोकाकडे. न्देरिंगोचे डोळे चमकले.

"सापडलं," तो म्हणाला. "हद्दीचं इसाले मुळासकट लावतात. गाठ मारलेलं पान आपण माफी मागायला देतो. खुंटी हलवणाऱ्याला आइकांदेचं वाईट करायचं नव्हतं, उलट तिची माफी हवी होती. ल्यातू, तू मागितली असतीस?"

"या जन्मात नाही."

"शेजारीही नसता मागत. आणि दारू जमिनीला देतात ती गेलेल्या माणसासाठी. त्या भोकावरही ती ओतलीय. आजी, तिथे कोण आहे?"

आजीने तुंबा खाली ठेवला. "तुझ्या आधीचा," ती मुलाला म्हणाली. "आठवडाभर जगला. विषय काढायचा नाही, असं तुझ्या बापाने बजावलं होतं. त्याच्या अंगावर खांब कसा रोवू देऊ, बाळा?"

एलियामानी त्या भोकाजवळून मागे सरकला.

आइकांदेने मात्र कागद पसरलासुद्धा. "तीन खांबांवर भागेल. वरचे जाड करू, हा कोपरा अधांतरी ठेवू. खाली इसाले लावू आणि काचेतून आजींना ते दिसेल. अहो, हे तर आधीपेक्षा भारी होईल."

एलियामानीने कुंपणातलं इसालेचं एक पान तोडलं, गाठ मारली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं. मग तो आईजवळ जाऊन बसला.

"त्याचं नाव काय होतं?"

"नाव ठेवेपर्यंत राहिलाच नाही रे."

"मग आज ठेव," एलियामानी म्हणाला. "आपल्या घरातला थोरला आहे तो."