थंड इंजिनाचं माप

गल्लीत तिला सगळे फिटरबाई म्हणत. पाण्याचे पंप दुरुस्त करून ती घर चालवायची, आणि भुताखेतांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. विश्वास होता तो फीलर पट्टीवर. ती पातळ पोलादी पट्टी फटीत घातली की खरंखोटं लगेच कळतं.

त्या शुक्रवारी सकाळी वडिलांच्या जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची फट तपासायला ती शेडमध्ये शिरली ती शीळ घालतच. गाडी बावीस वर्षं उभी होती. "व्हॉल्व्ह नीट झाले की तुला टेकडीपर्यंत फिरवून आणतो," असं आईला सांगून बाबांनी इंजिन खोललं आणि त्याच आठवड्यात ते गेले. आता आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली, पाय कामातून गेलेले. मरण्याआधी तिला गाडीचा आवाज एकदा ऐकायचा होता. आणि दादाने तर बजावूनच ठेवलं होतं, "रविवारपर्यंत सुरू झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाला येतोय."

सकाळी तिने दोन्ही व्हॉल्व्हची फट मापात बसवली. चार वाजता सहज पुन्हा बघितलं, तर पट्टी शिरेना. हातमोजे न काढताच थोडी सैल करून दिली. शनिवारी सकाळी बघते तर फट हीऽ एवढी! पुन्हा बसवली, तर चारला पुन्हा गच्च.

"दादा, तू हात लावलास गाडीला?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, बाई."

ती चिडून शेडमध्ये परतली, हातमोजे काढून इंजिनावर हात टेकला आणि किंचाळलीच. सणसणीत चटका बसला होता.

लोखंड तापलं की फुगतं आणि फट मिटते, म्हणून माप थंड इंजिनावरच घ्यायचं, हे बाबांनीच शिकवलेलं. पण टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. चेन तर अजून खोक्यातच होती. तरी शेडमध्ये गरम तेलाचा वास कोंडला होता, आणि निवणारं इंजिन वाजतं तसं टिक्... टिक्... वाजत होतं. बाबांची कारखान्यातली पाळी चारलाच सुटायची.

खरं सांगायचं तर ती घाबरली नाही. छाती धडधडत होती ती आनंदाने. गाडी जिवंत होती! कुणी चालवली, हा प्रश्न तिने मुद्दामच बाजूला ठेवला.

रविवारी सकाळी थंड इंजिनावर माप घेतलं, चेन चढवली, पेट्रोल ओतलं. पहिल्याच किकला गाडी गरजली! फिटरबाई शेडमध्ये चक्क नाचली. दादानेसुद्धा टाळ्या वाजवल्या आणि भंगारवाल्याला दारातूनच वाटेला लावलं. आत आई लहान मुलीसारखी हसत होती.

चार वाजता तिने इंजिनाला बोट लावून पाहिलं. तापलेलं. मागे बसणाऱ्याने पाय ठेवायचे दांडे गंजून मिटले होते, हातोडीनेही हलले नव्हते. ते आज उघडलेले होते.

ती धावतच आईच्या खोलीत गेली. आईचे केस वाऱ्याने विस्कटलेले, गाल लाल.

"थंड होऊ दे गं गाडी," आई हळूच म्हणाली. "आत्ताच तर उतरलो आम्ही."

"आम्ही... म्हणजे?"

"टेकडीपर्यंत जाऊन आलो. उद्या लांब जायचं म्हणतायत... परत कशाला यायचं, म्हणतायत."

फिटरबाईने चादर बाजूला केली. आईच्या निर्जीव उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा ताजा चटका होता, फोड टरारून आलेला.

आता मात्र तिचं अवसान गळालं. बाबा म्हणून काय झालं, आई तिला हवी होती! पाना घेऊन तिने दोन्ही व्हॉल्व्हचे नट पार ढिले करून टाकले, शेडला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून आईच्या कुशीत झोपली.

सोमवारी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. तिने थंड इंजिनावर पट्टी घातली. पट्टी बसली. ना सैल, ना घट्ट, अगदी बरोब्बर मापात.

आतून आईची उतावीळ हाक आली, "अगं, किती वाजले?"