दोन्ही डावे

वर्कशॉपच्या दारासमोरच्या गतिरोधकानं आजवर बरीच गिऱ्हाइकं मिळवून दिली होती, पण त्या दुपारी त्यानं कमालच केली. एक छोटा टेम्पो त्यावरून धाडकन उतरला, मागच्या हौद्यात कडकड आवाज झाला, आणि पेट्या ठेवलेली लोखंडी चौकट एका बाजूला कलली ती कललीच.

आत पाईपवर खुणा करत असलेली ती हातातला खडू तसाच घेऊन बाहेर आली. माणसाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. चौकटीच्या वळणावरून बोट फिरवलं आणि तिच्या कपाळावर आठी चढली.

"हा पाईप कोणी वाकवलाय?"

"मीच," टेम्पोतून उतरलेला माणूस म्हणाला. "का?"

"कशावर? गुडघ्यावर?"

"झाडाच्या बुंध्यावर. आत वाळू भरून."

"अर्धीच भरली असणार. बघा, आतल्या अंगाला सुरकुत्या पडल्यात. पाईप असा चेपला की त्यात जीव राहत नाही. आणि त्यावर तुम्ही एवढं काय लादलंय—" तिनं एका पेटीवर हात ठेवला.

"हात... सावकाश काढा," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या जाग्या आहेत."

पेटीच्या आत काहीतरी गुणगुणत होतं. तळव्याला बारीक थरथर लागत होती, मशीन सुरू केल्यावर पाईपला लागते तशी. कुणीही शहाण्या माणसानं हात झटकला असता. हिनं तो तिथेच ठेवला आणि कान जवळ नेला. तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं आणि चौकटीचं काय करायचं हे विचारायचं होतं, ते विसरून गेला.

तो मधमाश्या पाळायचा. फुलं जिथे लागतील तिथे पेट्या घेऊन जायचा. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात सूर्यफूल उमलायला आलं होतं. तिथे त्याचा भाऊ आणि वहिनी आधीच पोचले होते, हा पेट्या घेऊन मागून निघाला होता. "तेवढा एक जोड मारून द्या," तो म्हणाला, "मी लागतो वाटेला."

"जोड मारून देणार नाही," ती म्हणाली. "घाटात सगळ्या पेट्या दरीत जातील. नवी चौकट करावी लागेल."

"आणि मी नको म्हणालो तर?"

"तर हळू चालवा. गतिरोधक अजून पुष्कळ आहेत."

आत वेल्डिंगचा मुखवटा वर सरकवून आत्या हे सगळं ऐकत होती. वर्कशॉप आत्याचं. वाकवणं आणि कापणं भाचीकडे, जोडणं आत्याकडे, अशी वाटणी होती. भाचीनं गिऱ्हाइकाला इतकं टाकून बोललेलं तिनं याआधीही ऐकलं होतं. मात्र बोलता बोलता तिला केसांवरचा लोखंडाचा कीस झटकताना आत्या पहिल्यांदाच बघत होती.

मागच्या मोकळ्या जागेत पेट्या उतरल्या आणि मधवाला रोज येऊ लागला. कारण काय, तर मधमाश्यांना साखरपाणी द्यायचं. साखरपाण्याला असा कितीसा वेळ लागतो! पण ते देऊन झालं की तो आत येऊन उभा राहायचा, आणि तिची चिडचिड व्हायची. तो आला की चिडचिड, आणि यायला उशीर झाला तर जास्तच. सकाळपासून दर थोड्या वेळानं तिची नजर दाराकडे जायची. खडू हातात असताना ती खडू शोधायची. आपल्याला हे काय होतंय ते तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. चांगलं कळत होतं, आणि म्हणूनच तिला राग येत होता.

"इतका का वाकवताय?" एकदा त्यानं विचारलं. पाईप बेंडिंग मशीनमध्ये होता आणि ती दांडा ओढत होती. "चित्रात तर एवढं वळण नाहीये."

"सोडला की थोडा परत उघडतो. म्हणून हवं त्याच्यापेक्षा जरा जास्त वाकवायचा."

"जरा म्हणजे किती?"

"प्रत्येक पाईपचं वेगळं. हाताला कळतं."

"माणसांचंही कळतं का हाताला?"

"माणसं मशीनमध्ये बसत नाहीत," ती म्हणाली आणि दांडा सोडला. पाईप किंचित उघडला आणि खुणेवर येऊन थांबला. तिचे कान मात्र लाल झाले होते, आणि त्याचा दोष भट्टीवर घालावा तर वर्कशॉपात भट्टीच नव्हती.

पाईपला तोंड कापलेलं बघायला त्याला सगळ्यात जास्त आवडायचं. एका पाईपचं टोक असं गोल कोरून घ्यायचं, की ते दुसऱ्या पाईपच्या अंगावर गालाला गाल लावल्यासारखं बसलं पाहिजे. आत्याचा नियम कडक होता. जोड उजेडात धरायचा, आणि फटीतून उजेड दिसला तर ती वेल्डिंगला हात लावायची नाही. एका दुपारी ती असाच एक जोड खिडकीसमोर धरून उभी होती, तर पलीकडून तोही वाकून बघायला लागला.

"दिसतोय का उजेड?" तिनं विचारलं.

"नाही."

"कुठेच नाही?"

"अजिबात नाही."

"मग बघताय काय एवढं?"

त्याची नजर जोडावर नव्हतीच... पाईप तिच्या हातातून निसटता निसटता राहिला. आत्यानं आतून खोकून दाखवलं. आत्याला खोकला नव्हता.

पण या सगळ्याच्या तळाशी एक खडा होता आणि तो तिला सारखा टोचत होता. ही चौकट पूर्ण झाली की हा माणूस जाणार. जितकं काम चांगलं आणि लवकर होईल, तितका तो लवकर जाणार. आणि वाईट काम करणं तिला जमत नव्हतं.

तिच्या हातून किती गाड्या गेल्या होत्या! डोंगरात धावणाऱ्या जीप, फिरती दुकानं, घोडे नेणारे ट्रेलर. सगळ्या कुठे कुठे फिरून आल्या. ती मात्र प्रत्येक गाडीतून फक्त चौकापर्यंत गेली होती. वर्कशॉपची तशी पद्धतच होती. गाडी भरलेली असताना, जिनं तोंडं कापली तिनं आत बसायचं, चौकापर्यंत जायचं, चौकट कुठे कुरकुरते का ते ऐकायचं आणि परत यायचं. कानाची फेरी म्हणायचे तिला. प्रत्येक वेळी चौकातून गाडी पुढे निघून जायची आणि ही हात पुसत माघारी यायची. आजवर तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता रोज वाटायला लागलं.

"फुलं उमलली का?" ती रोज विचारायची, अगदी सहज विचारल्यासारखी.

"अजून नाही," तो सांगायचा. आणि तिचा दिवस बरा जायचा.

मग एका सकाळी तो साखरपाणी न देताच आत आला. "फुलं उमललीत," म्हणाला. "उद्या पहाटे निघायला हवं. होईल ना तोवर?"

"होईल की," ती म्हणाली. "न व्हायला काय झालं?"

चौकटीला बाजूंनी धरणारे डावा-उजवा असे दोन हात तेवढे राहिले होते. प्रत्येकाला दोन वळणं, एक मागे आणि एक बाहेर, आणि टोकाला तोंड. तिनं पहिला, डावा हात तयार केला. मग तो नव्या पाईपशेजारी ठेवून खुणा घेतल्या, वाकवला, तोंड कापलं. भराभरा काम केलं. डोक्यात एकच शब्द फिरत होता, उद्या... उद्या... आणि मशीनचा दांडा त्याच तालावर ओढला जात होता.

आत्यानं दोन्ही हात उचलून टेम्पोला लावून बघितले. डावा चपखल बसला. दुसरा उजवीकडे लावला तर त्याचं तोंड आकाशाकडे. एकाच दिशेची वळणं असती तर पाईप फिरवून वेळ मारून नेता आली असती. हा फिरवला तरी डावाच राहत होता. जोडीचा दुसरा काढताना पहिला आरशात बघावा तसा उलटा धरायचा, हे तिला आत्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. हिनं त्याची हुबेहूब नक्कल केली होती.

"दोन्ही डावे," आत्या म्हणाली.

एवढंच बोलून तिनं पाईप खाली ठेवले. एरवी आत्यानं चांगलं सुनावलं असतं, त्यामुळे ते जास्तच लागलं. भाची तिथेच कट्ट्यावर बसली, आणि तिला एकाएकी रडू यायला लागलं. नासलेल्या पाईपसाठी कुणी असं रडत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"आता?" दारात उभा असलेला मधवाला म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी कमी आणि भलतंच काहीतरी जास्त होतं. "म्हणजे... आणखी एखादा दिवस लागेल?"

तिनं डोळे पुसले. एक दिवस. तो स्वतःच मागत होता. हो म्हटलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण मागच्या पेट्यांमधली गुणगुण गेल्या काही दिवसांत बारीक झाली होती. ते तिच्या कानाला कधीच कळलं होतं. साखरपाण्यावर तरी त्यांनी किती दिवस काढायचे?

"नाही," ती उठली. "संध्याकाळपर्यंत उजवा काढते. तुमच्या माश्या उपाशी आहेत."

तिनं नवा पाईप घेतला. डावा उलटा धरला, खुणा दोनदा तपासल्या, आणि मन घट्ट करून दांडा ओढला. तोंड कापून खिडकीत धरलं तेव्हा उजेडाचा केससुद्धा दिसला नाही. इतकं सुरेख काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि इतकं नकोसंही कधी झालं नव्हतं. आत्यानं जोड मारले. अंधार पडताना माश्या घरी परतल्या, मग त्यानं पेट्यांची दारं लावली. जास्तीचा डावा आत्यानं भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवला.

पहाटे गाडी भरली. ती त्याच्या शेजारी बसली, मागची छोटी काच सरकवली आणि कान तिकडे लावला. दारातल्या गतिरोधकावरून टेम्पो डुलत उतरला. चौकटीनं हूं का चूं केलं नाही.

"वाजतंय का काही?" त्यानं विचारलं.

"अजून नाही."

रस्ता रिकामा होता. काचेतून गार वारा येत होता, त्यात मेणाचा वास होता. तो इतकी हळू चालवत होता, की दूधवाल्याची सायकल पुढे निघून गेली. तरीही चौक आलाच. चौक काही जागचा हलत नाही. त्यानं गाडी कडेला घेतली.

"तर..." तो म्हणाला.

"तर," ती म्हणाली. "चांगली झालीय चौकट. घाटात हळू जा."

"हो."

"वळणावर ब्रेक दाबू नका."

"नाही दाबणार."

तिनं दाराच्या कडीला हात घातला. कडी साधी होती, ओढली की उघडणारी. ती ओढली जाईना. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"ऐकलंस का नीट?" पलीकडून आत्या.

"ऐकलं. काही वाजत नाही."

"चौकापर्यंत नाहीच वाजायचं. ह्या गाडीला घाट चढायचाय, घाटात ऐकायला हवं. मी कालच त्याच्या वहिनीशी बोललेय. तिच्याकडे झोपायची सोय आहे तुझी. गोड बाई आहे, बोलतेही पुष्कळ."

"आत्या! तुला तिचा नंबर कुणी दिला?"

"पेट्यांवर लिहिलेला आहे. आणि ऐक, ती म्हणत होती, फुलं उमलून आठवडा झाला, हा तिकडे कसला बसलाय? विचार जरा त्याला. इथली काळजी करू नकोस, चार दिवस वाकवायला माझे हात काही मोडले नाहीत."

फोन बंद झाला. आत्याचा आवाज मुळातच खणखणीत, त्यामुळे विचारायचं काही उरलंच नव्हतं. मधवाला समोरच्या काचेतून रिकाम्या रस्त्याकडे असा बघत होता, जसा काही तिथे मोर्चा चाललाय.

"आठवडा?" ती म्हणाली.

"हो."

"आणि रोज मला 'अजून नाही'?"

"उमलली म्हटलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी चौकट उरकली असती. तुमचा हात मी बघितलाय ना." त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले. "मला जायचं नव्हतं. आणि माश्यांना तर न्यायलाच हवं. रोज रात्री ठरवायचो, उद्या सांगू. रोज सकाळी तुम्ही विचारायचात, आणि... मला तुम्ही फार आवडता. हे आधी सांगायला हवं होतं, फुलांचं नंतर."

 इतके दिवस तिच्या आत जी नुसती तगमग चालली होती, ती आता निदान एका जागी येऊन उभी राहिली.

"मी आयुष्यात कधी दोन डावे काढले नव्हते," ती म्हणाली.

त्यानं वळून बघितलं. "मुद्दाम काढले?"

"मुद्दाम काढले असते तर बरं झालं असतं. रडू तरी आलं नसतं."

तो हसला, मग तीही हसली. आणि हसता हसता तिनं कडीवरचा हात काढून मागे काचेतून पेटीवर टेकवला. आत ती बारीक थरथर होतीच.

"सावकाश," तो म्हणाला. "जाग्या आहेत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चल आता. ऊन चढायच्या आत पोचायचंय त्यांना."

त्यानं गियर टाकला आणि टेम्पो चौक ओलांडून पुढे निघाला.