फट बुजवणारा

दुपारचं जेवण उरकलं की म्हातारा सुतार धाकट्या मुलाच्या खोलीत संगणकापुढं जाऊन बसायचा. थोरली लेक वारल्यापासून तिची वेबसाइट वाचणं, एवढंच काम त्याला उरलं होतं. मोडक्या खुर्च्या, खिळखिळी कपाटं कशी सावरावीत हे ती तिथं लिहायची. लोक खाली आपल्या अडचणी मांडायचे, ती उत्तरं द्यायची. हात बापाचाच होता. पण हे बायकांचं काम नव्हे, असं म्हणून बापानं तिला आपल्या दुकानातून घालवलं. मग दोघांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. ती आजारी पडली, तरी आधी कोण बोलतं याची वाट पाहण्यातच दिवस गेले.

पासवर्ड तिच्याबरोबर गेला. धाकटा संगणकातला जाणकार. त्याला साइटच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जुनी फट सापडली. तिच्यातून पासवर्डाशिवाय आत जाता यायचं.

"खरं तर बुजवायला हवी," तो म्हणाला होता. "कुणीही घुसेल. पण बुजवली तर आपणही बाहेरच राहू."

"असू दे मग," म्हातारा म्हणाला.

आत तिचे न छापलेले लेख होते. अक्षराला अक्षर जोडत तो ते वाचायचा. एक मात्र त्यानं उघडला नव्हता, धाकट्यालाही उघडू दिला नव्हता. त्याच्यावर लिहिलं होतं, 'बाबांना'. म्हातारा रोज त्याच्यावर बोट न्यायचा आणि रोज मागं घ्यायचा.

एका दुपारी आतल्या लेखांच्या जागी नुसती एक ओळ होती. 'तुमच्या साइटला फट होती. मी बुजवली आहे. काळजी नसावी.'

धाकट्यानं बराच वेळ खटपट केली. मग खुर्ची मागं सरकवली.

"किडा आहे, बाबा. माणूस नाही, आपोआप चालणारा प्रोग्राम. या साइटवरून त्या साइटवर फिरतो, फट दिसली की शिरतो. म्हणतो, दुरुस्तीला आलोय."

"केली का दुरुस्ती?"

"केली ना. स्वतः आत बसून."

"न विचारता?"

"चोर काय बेल वाजवून येतो होय?"

म्हातारा हसला नाही. "लाकडातला किडा बरा," तो म्हणाला. "निदान भुसा तरी बाहेर टाकतो."

पुढं काही दिवसांनी एका अनोळखी माणसानं साइटवर विचारलं, टेबलाचा पाय हलतो, काय करू? खाली थोरलीच्या नावानं उत्तर आलं. 'खिळा मारू नका, लाकूड दुखावतं. सांध्याला सरस लावून लाकडी खुंटी ठोका.'

"तू लिहिलंस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मला खुंटीतलं काय कळतं, बाबा?"

म्हाताऱ्याला कळत होतं. लाकूड दुखावतं, हे त्याचे शब्द होते. खोलीत पंखा फिरत होता, तरी कढत्या सरसाचा वास येऊ लागला. दुकान बंद होऊन वर्षं झाली होती.

मग सगळ्यांनाच उत्तरं मिळू लागली. लोक लिहायचे, ताई, बरं झालं परत आलात. म्हाताऱ्यानं धाकट्याकडून लिहवून घेतलं, 'थोरले, तू आहेस का?' ती ओळ बघता बघता पुसली गेली. पुन्हा लिहवली. पुन्हा गेली. बाकीच्यांच्या ओळी जागच्या जागी.

"बंदच करायला लावू का साइट?" धाकट्यानं विचारलं.

"नको. आत ते पत्र आहे."

शेवटी म्हाताऱ्यानं परक्या नावानं विचारलं, 'टेबलाचा खण अडकतो. काय करावं?' ही ओळ मात्र राहिली. खाली उत्तर उमटू लागलं. एक अक्षर... मग दुसरं... म्हातारा ज्या गतीनं वाचायचा, नेमक्या त्याच गतीनं.

'बाबा, त्या पत्रात मी तुम्हाला माफ केलं होतं. तुम्ही ते उघडलंच नाहीत. आता खोडलंय.'

सरसाचा वास घशात उतरला.

"बाबा..." धाकट्याचा आवाज जेमतेम फुटला. "पत्र उघडलं नाही, हे कुणाला... बोलला होतात?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. नाही.

पडद्यावर पुढचं अक्षर उमटलं, आणि म्हाताऱ्याचं वाचून होईपर्यंत थांबून राहिलं.