शिंपलबेटाचा दुसरा विमानतळ

शिंपलबेटाच्या जलसंशोधन केंद्राच्या तळमजल्यावर एक लांबरुंद काचेचं मेज होतं आणि त्या मेजावर अख्खं शिंपलबेट जगत होतं. बावीस किलोमीटर लांबी, जेमतेम पाच किलोमीटर रुंदी. बेटावरची प्रत्येक विहीर, माडाची प्रत्येक वाडी, सगळी हॉटेलं, एकुलता एक विमानतळ आणि दोन लाख दहा हजार माणसं, सगळं तिथे आकड्यांच्या रूपात नांदत होतं. खऱ्या बेटावर पाऊस झाला की मेजावरही होई. खऱ्या बेटावरचं एखादं कुटुंब जे करण्याची शक्यता जास्त, तेच मेजावरचं कुटुंब करी. नियाज परकारने नऊ वर्षं खपून हे उभं केलं होतं आणि त्याला ‘प्रतिबेट’ असं नाव दिलं होतं.

त्या सकाळी डॉ. शाल्मली खवणेकर मेजाशी आली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलीसारखा झाला होता. दुपारी तीन वाजता दुसऱ्या विमानतळावरची शेवटची सुनावणी होती. पर्यटन विकास मंडळाला तो हवा होता आणि बेटावरच्या लोकांना नको होता. लोकांच्या बाजूने शाल्मली चार वर्षं भांडत होती. ती याच बेटावर जन्मलेली, भूजलात डॉक्टरेट करून परत आलेली.

आजवर प्रतिबेटात पाण्याचा हिशोब धरलाच जात नव्हता. पाणी अमाप आहे असं मानून ते प्रवाशांचं भाकीत सांगे आणि मंडळ ते भाकीत नाचवी. शाल्मलीने हट्टाने आपली बारा वर्षांची मोजमापं त्यात घालायला लावली होती.

“पाणी कमी म्हणजे पर्यटक कमी,” ती म्हणाली. “पर्यटक कमी म्हणजे दुसरा विमानतळ कशाला हवा? निघालं ना असंच काहीतरी?”

नियाजने मेजावरचा पडदा तिच्याकडे वळवला. मग म्हणाला, “ताई, उलटं निघालं. तुमचं पाणी घातल्यावर दुसऱ्या विमानतळाची गरज वाढली.”

“शक्यच नाही.”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून सहा वेळा चालवलं. विमानतळ बांधला असं धरलं तर सातव्या वर्षी, एका एप्रिल महिन्यात, प्रवासी एकदम तिप्पट होतात.”

“आधी तुझ्या यंत्राला पाणी समजलंय का ते सांग.”

“तुम्ही शिकवलंत तेवढं समजलंय. पावसाचं पाणी खाऱ्या पाण्याहून हलकं. म्हणून ते बेटाच्या पोटात, वाळूत, समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं. मध्ये जाड, कडेला पातळ.”

“गोडभिंग,” शाल्मली म्हणाली. हा शब्द तिचाच होता. “आणि त्याचा नियम?”

“वरची पातळी एक हात उतरली की खालून खारं पाणी चाळीस हात वर चढतं. म्हणून विहिरीत पाणी दिसत असतं आणि तळ मात्र संपत आलेला असतो. नवी धावपट्टी बेटाच्या सगळ्यात रुंद भागावर येते, म्हणजे भिंगाच्या नेमक्या पोटावर. तिथला पाऊस डांबरावरून गटारात आणि गटारातून समुद्रात जातो. चुकलं का काही?”

काही चुकलं नव्हतं. शाल्मली मेजावर वाकली. “मग हे तिप्पट प्रवासी येतात कुठून?”

“येण्याचं वेगळं बघितलंच नाही मी. मंडळाच्या नमुन्यात येणारे-जाणारे एकत्र मोजतात.”

“वेगळे कर.”

नियाजने वेगळे केले. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. येणाऱ्यांची रेघ त्या एप्रिलमध्ये जमिनीला टेकली होती. जाणाऱ्यांची सरळ आभाळात गेली होती.

सलग दोन अपुऱ्या पावसाळ्यांनंतरचा तो एप्रिल होता. बेटावरच्या एकूणएक विहिरी पाच आठवड्यांत खारावल्या होत्या. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र होतं, पण ते हॉटेलांपुरतं. आणि त्याने घागरी भरल्या असत्या, मुळं नव्हती भिजणार. माड वाळले, की वाळू धरून ठेवायला काही उरणार नव्हतं. प्रतिबेटातली माणसं हे ओळखून घरं सोडत होती. दोन विमानतळ मिळून सगळी बाहेर पडली होती.

“विमानतळ न बांधता चालव,” शाल्मली म्हणाली.

तसं चालवल्यावर भिंग सोळा वर्षं टिकलं. सोळाव्या वर्षी तोच प्रकार झाला, फक्त धावपट्टी एकच होती. बोटी धरूनसुद्धा शेवटी एक रकाना उरला. त्यावर नियाजने पूर्वी कधीतरी, गरज लागेल असं न वाटता, ‘राहिलेले’ असं लिहून ठेवलं होतं. त्यात चौपन्न हजार माणसं होती.

“हळूहळू का नाही जात ती? सोळा वर्षं आहेत त्यांच्याकडे!”

“हाताला काम आहे आणि विहिरीचं पाणी गोड आहे, तोवर कुणी घर सोडत नाही, ताई. जगातल्या एकोणतीस बेटांवरून घेतलंय हे. एकाही ठिकाणी लोक आधी निघाले नाहीत.”

“पर्यटक शून्य कर. हॉटेलं बंद, उपसा बंद.”

ही तिची शेवटची आशा होती. नियाजने आकडे बदलले. गोडभिंग भरू लागलं, फुगलं, तिच्या आजोबांच्या काळी होतं तेवढं झालं. शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिची नजर माणसांच्या आकड्याकडे गेली. पूर्वी हे बेट मासळीवर जगत होतं, पण समुद्र तापून प्रवाळ मेला आणि मासळी गेली. आता इस्पितळ, शाळा, धान्याची जहाजं, सगळं पर्यटकांच्या जिवावर चालत होतं. पर्यटक गेले, तशी बाराव्या वर्षापर्यंत माणसंही एकेक करून गेली होती.

“पाणी गोड आहे,” नियाज हळूच म्हणाला. “प्यायला कुणी नाही.”

सुनावणी बाजारपेठेजवळच्या सभागृहात होती. समितीच्या अध्यक्ष लोटलीकरबाई निवृत्त न्यायाधीश होत्या आणि दोन्ही बाजूंना सारख्याच तुटकपणे वागवत. मंडळाच्या वतीने कौस्तुभ सबनीस आले होते. लोकांच्या बाजूला पहिल्या रांगेत भिवातात्या टिकम बसले होते. ऐंशीच्या पुढचे, जन्मभर होडी वल्हवलेले. आखलेली धावपट्टी त्यांच्या माडांच्या वाडीतून जात होती आणि ‘वाडी देवचंय नाय’, म्हणजे वाडी देणार नाही, ही आरोळी मूळ त्यांचीच.

शाल्मली बोलायला उठली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने हात वर करून थांबवल्या आणि तीनही निकाल जसेच्या तसे सांगितले. काही लपवलं नाही, काही सौम्य केलं नाही.

लोटलीकरबाईंनी चष्मा काढला. “म्हणजे तुमची शिफारस काय, डॉक्टर?”

“हॉटेलं बंद करणं या समितीच्या हातात नाही. विमानतळ बांधला तर सात वर्षं मिळतात आणि सगळे वाचतात. नाही बांधला तर सोळा मिळतात आणि चौपन्न हजार मागे राहतात.” ती लोकांकडे वळली. “मी चार वर्षं विरोध केला. आज मी म्हणते, बांधा.”

मागून कुणीतरी ओरडलं, “विकली गेली!” भिवातात्या काठी टेकत उठले आणि त्या दिशेला वळले.

“गप रव रे! तिका मी लुगडां धरून चालाक शिकताना बघितलंय.” मग शाल्मलीला म्हणाले, “गो बाय, माका सरळ सांग. माजी पणतवंडां त्या चौपन्न हजारात आसत?”

“ते यंत्र नावं सांगत नाही, तात्या.”

“मगे आसत असाच धरूक व्हया.” तात्यांनी काठी सावरली. मग अध्यक्षांकडे वळले. “बाईनू, माजी वाडी घेवा. खंय सही करूची ती सांगा. माजो विरोध नाय.”

त्यांच्या मागून एकेक जण उठू लागला. कोणी बोललं नाही, नुसते हात वर झाले. ज्या सभागृहात चार वर्षं ‘नको’ घुमलं होतं, तिथे दीडशे हात ‘हवा’ म्हणून वर होते. शाल्मलीला वाटलं, इतकं तरी झालं.

लोटलीकरबाईंनी सबनीसांकडे पाहिलं. “आता विरोधच उरला नाही. मंडळाने पुढचं निवेदन करावं.”

सबनीस सावकाश उठले. माणूस वाईट नव्हता; त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. भाषण चालू असताना ते दाराबाहेर जाऊन दोनदा फोनवर बोलून आले होते.

“मंडळ प्रस्ताव मागे घेत आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“विमानतळ तीस वर्षं चालेल असं धरून बांधकाम कंपन्या यात उतरल्या होत्या. सातव्या वर्षी जिथे विमान उतरणार नाही, तिथे धावपट्टी कोण बांधेल, बाई? त्यांनी आत्ताच नकार कळवला.”

“पण लोकांना बाहेर काढायला ती लागणार आहे!” शाल्मली ओरडली.

“ते मंडळाचं काम नाही. आमचं काम लोकांना आणण्याचं.” त्यांनी मान खाली घातली. “मला वाईट वाटतं, डॉक्टर. खरंच.”

शाल्मली अध्यक्षांकडे वळली. “तुम्ही आदेश द्या.”

“समितीला परवानगी देता येते किंवा नाकारता येते,” लोटलीकरबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला होता. “बांधायला लावता येत नाही. सरकारला पत्र लिहीन मी. पण सोळा वर्षांनंतरच्या गोष्टीवर आजचं सरकार काय करील, ते तुम्हीही जाणता.”

प्रस्ताव निकालात निघाला. दुसऱ्या दिवशी मुख्य भूमीवरच्या वर्तमानपत्रांत शाल्मलीचा फोटो आला. बेटवासीयांचा ऐतिहासिक विजय, असा मथळा होता. सरकारचं उत्तर चार महिन्यांनी आलं: विषयाची नोंद घेतली आहे.

आता एकच वाट शिल्लक होती. ती नियाजने प्रतिबेटात चालवून पाहिली. आजपासून दर महिन्याला बाराशे माणसांनी बेट सोडलं, तर एका धावपट्टीवर सगळे वेळेत बाहेर पडत होते. त्याला ना कोणाची परवानगी लागत होती, ना कोणती कंपनी. फक्त लोकांनी निघायला हवं होतं.

शाल्मली घरोघर जाऊ लागली. सुरुवात तिने भिवातात्यांच्या मुलापासून, गणपतपासून केली. तात्यांनी सभेत वाडी देऊ केली होती, तेव्हा हे घर तरी ऐकेल असं तिला वाटत होतं. तिने कागद पसरले, रेघा दाखवल्या, मुख्य भूमीवर कुठे काम मिळेल तेही सांगितलं. गणपत सगळं मन लावून ऐकत होता. त्याची बायको सुनंदा आत गेली, विहिरीवर रहाट वाजला आणि ती तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली.

“उन्हातून आलीस, बाय. आधी पाणी पी.”

शाल्मली प्यायली.

“पाणी कसां आसा?” गणपतने विचारलं. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. सुनंदाही पदराला हात पुसत उत्तरासाठी थांबली होती.

खोटं बोलणं शाल्मलीला कधी जमलं नव्हतं.

“गोड आहे,” ती म्हणाली.

गणपतने मान डोलावली, समोरचे कागद नीट जुळवले आणि अदबीने तिच्या हातात परत दिले. पुढच्या घरी तिला पुन्हा पाणी मिळालं, आणि त्याच्या पुढच्या घरीही. त्या दिवशी ती अठरा घरी गेली. अठराही घरचं पाणी गोड होतं.